चार पर्याय, एक उत्तर : प्रमाणपत्र परीक्षेत गुण कुठे निसटतात?

- प्रतिनिधी

आमच्या शेजारच्या इमारतीत राहणारे एक काका नागरी सहकारी बँकेतील तीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाले. घरी बसून राहण्याचा स्वभाव नाही, माणसांची ओळख दांडगी, पैशाच्या व्यवहारांची जाण पक्की. म्हणून त्यांनी म्युच्युअल फंड वितरक होण्याचे ठरवले. त्यासाठी एक प्रमाणपत्र परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. काकांनी दोन महिने अभ्यास केला, संगणकासमोर बसून परीक्षा दिली आणि शेवटी पडद्यावर आकडा उमटला : ४७. उत्तीर्ण होण्यासाठी ५० गुण हवे होते.

संध्याकाळी त्यांची गाठ पडली तेव्हा बोलता बोलता कळले, की त्यांनी ११ प्रश्न कोरेच सोडले होते.

"काका, अकरा प्रश्न का सोडलेत?"

"अरे, येत नसेल त्याला हात लावायचा नाही. चुकलं तर असलेले गुणही जातात. पुतण्यानंच सांगितलं होतं मला."

पुतण्याने सांगितले ते खोटे नव्हते. तो एका दलाली पेढीत कामाला आहे आणि त्याने डेरिव्हेटिव्ह्जची परीक्षा दिली होती. तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. काकांच्या परीक्षेत मात्र कापले जात नाहीत. दोन्ही परीक्षा एकाच संस्थेच्या, दोन्हींत शंभर प्रश्न, दोन्ही दोन तासांच्या. नियम वेगळा. तीन गुणांचे अंतर, पुन्हा भरलेले शुल्क आणि लांबणीवर पडलेले काम, एवढी किंमत या एका गैरसमजाची होती.

बँक, विमा, शेअर बाजार, वकिली, लेखापरीक्षण अशा अनेक क्षेत्रांत आज नोकरी, बढती किंवा व्यवसायाचा परवाना बहुपर्यायी परीक्षेच्या उंबरठ्यावर अडलेला असतो. या परीक्षा देणारे बहुतेक जण नोकरी किंवा संसार सांभाळून अभ्यास करतात. त्यांना विषय अगदीच येत नसतो असे नाही. पण येत असलेल्या विषयाचे गुणांत रूपांतर कसे करायचे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. काकांच्याच परीक्षेचे उदाहरण घेऊन ते समजून घेण्याचा हा प्रयत्न.

आधी नियम, मग अभ्यास

काकांनी दिलेली परीक्षा 'एनआयएसएम'ची. 'सेबी'ने २००६ साली स्थापन केलेली ही संस्था रोखे बाजाराशी संबंधित व्यक्तींसाठी प्रमाणपत्र परीक्षा घेते. तिचे संकुल रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे आहे. म्युच्युअल फंड वितरकांसाठीची परीक्षा 'सीरिज पाच-अ' या नावाने ओळखली जाते. १०० प्रश्न, १०० गुण, दोन तासांचा अवधी, उत्तीर्णतेसाठी ५० गुण आणि चुकीच्या उत्तराला दंड नाही, असे तिचे स्वरूप आहे. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते.

याच संस्थेच्या 'सीरिज आठ' म्हणजे इक्विटी डेरिव्हेटिव्ह्जच्या परीक्षेतही १०० प्रश्न आणि दोन तास असतात. मात्र तिथे उत्तीर्णतेसाठी ६० गुण लागतात आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या गुणांपैकी २५ टक्के गुण वजा होतात. सनदी लेखापाल होऊ इच्छिणाऱ्यांच्या फाउंडेशन परीक्षेतील वस्तुनिष्ठ पेपरांतही चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. उलट बँक कर्मचाऱ्यांच्या 'जेएआयआयबी' परीक्षेत आणि विधी पदवीधरांसाठीच्या अखिल भारतीय वकील परीक्षेत अशी कपात नाही.

म्हणजे 'न येणारा प्रश्न सोडावा की सोडवावा' या प्रश्नाला सर्व परीक्षांना लागू पडेल असे उत्तर नाही. ते त्या त्या परीक्षेच्या नियमांत दडलेले असते. नियम अधूनमधून बदलतात. त्यामुळे मित्राचा अनुभव, क्लासमधील सल्ला किंवा दोन वर्षांपूर्वीची पुस्तिका यांवर विसंबून न राहता नोंदणी करतानाच संबंधित संस्थेच्या संकेतस्थळावर पाच गोष्टी पाहून घ्याव्यात : प्रश्नांची संख्या, वेळ, उत्तीर्णतेची मर्यादा, चुकीच्या उत्तराचा दंड आणि प्रकरणनिहाय गुणांचे वजन. पाच मिनिटांचे हे काम पाच दिवसांच्या अभ्यासाइतके मोलाचे ठरू शकते.

सोडलेल्या अकरा प्रश्नांचे गणित

आता काकांच्या ११ कोऱ्या प्रश्नांकडे वळू. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. डोळे मिटून एक निवडला, तर तो बरोबर असण्याची शक्यता एक चतुर्थांश. काकांना केवळ तीन बरोबर उत्तरे हवी होती. अकरापैकी किमान तीन उत्तरे निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता संभाव्यतेच्या साध्या सूत्राने काढली, तर ती सुमारे ५४ टक्के येते. म्हणजे नाणेफेकीपेक्षा थोडी अधिकच.

हा झाला आंधळा अंदाज. पण तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाचा अंदाज क्वचितच पूर्ण आंधळा असतो. प्रत्येक प्रश्नातील एक पर्याय जरी निश्चित चुकीचा म्हणून बाजूला काढता आला असता, तर हीच शक्यता सुमारे ७७ टक्क्यांवर गेली असती. दोन पर्याय बाद करता आले असते, तर ती सुमारे ९७ टक्के झाली असती. उत्तर ठाऊक असणे आणि नसणे यांच्या मधला हा जो अर्धवट माहितीचा पट्टा आहे, त्याच पट्ट्यात बहुपर्यायी परीक्षेचे निकाल ठरतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. अंदाजाच्या बळावर संपूर्ण परीक्षा पार करता येईल, असा याचा अर्थ नाही. शंभरच्या शंभर प्रश्नांना अंदाजाने उत्तरे दिली, तर सरासरी २५ गुण पडतील आणि पन्नासचा आकडा गाठण्याची शक्यता जवळपास शून्य असेल. अंदाज काठावरच्या माणसाला हात देतो. प्रवाहाच्या मध्यभागी असलेल्याला तो तारू शकत नाही.

गुण कापले जात असतील तर?

पाव गुण कापला जाणाऱ्या परीक्षेत हिशेब थोडा बदलतो. चार पर्यायांपैकी एक आंधळेपणाने निवडल्यास चारातून एकदा एक गुण मिळेल आणि तीनदा पाव गुण जाईल. म्हणजे चार प्रश्नांमागे एक गुण मिळवून पाऊण गुण गमावला. निव्वळ फायदा चार प्रश्नांना मिळून पाव गुणाचा. १६ प्रश्न असे सोडवले तर सरासरी एक गुण पदरात पडेल. एवढ्याशा लाभासाठी धोका पत्करावा का, हा प्रश्न रास्त आहे.

एक पर्याय बाद करता आला की चित्र पालटते. उरलेल्या तिघांतून निवड केल्यास सहा प्रश्नांमागे सरासरी दोन बरोबर आणि चार चूक. दोन गुण मिळाले, एक गेला. सहा प्रश्नांना एक गुण निव्वळ लाभ. दोन पर्याय बाद झाले, तर आठ प्रश्नांत चार बरोबर, चार चूक, म्हणजे तीन गुणांचा लाभ. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेसारख्या ठिकाणी एक तृतीयांश गुण कापला जातो. तेथे आंधळ्या अंदाजाचा सरासरी लाभ बरोबर शून्य होतो. परंतु एक पर्याय बाद करता आला, तर तेथेही अंदाज फायद्याचाच ठरतो.

यातून निघणारा नियम सोपा आहे. दंड नसेल, तर एकही प्रश्न कोरा सोडू नये. पाव किंवा एक तृतीयांश दंड असेल, तर किमान एक पर्याय खात्रीने बाद करता येत असेल तेव्हाच उत्तर द्यावे. या नियमातला 'खात्रीने' हा शब्द मात्र महत्त्वाचा. जो पर्याय आपण बाद केला तोच बरोबर निघाला, तर सारे गणित कोसळते.

प्रमाणपत्र परीक्षा आणि स्पर्धा परीक्षा यांतील फरकही येथे ध्यानात घ्यावा. स्पर्धा परीक्षेत प्रत्येक गुणाने क्रमांक वर सरकतो. प्रमाणपत्र परीक्षेत एक रेषा ओलांडायची असते. त्या रेषेपलीकडे खात्रीने पोहोचलेल्याने शेवटचे काही अनोळखी प्रश्न सोडले तरी बिघडत नाही. रेषेच्या अलीकडे असलेल्याला मात्र धोका पत्करणे भाग आहे. आपण नेमके कुठे आहोत, हे ओळखताना हातचे राखून मोजावे. समजा, साठ गुणांची मर्यादा असलेल्या परीक्षेत एखाद्याने ७० प्रश्न 'नक्की येतात' म्हणून सोडवले. त्यांतील दहापैकी एक चुकला, तर ६३ बरोबर आणि ७ चूक. पावणेदोन गुण वजा जाऊन हाती राहतात ६१.२५. सत्तरची खात्री वाटत होती, प्रत्यक्षात काठावरून पार पडलो, असे होते ते यामुळेच.

चकवा कसा तयार होतो?

चुकीचे पर्याय बाद करायचे तर ते कसे तयार होतात, हे समजले पाहिजे. चांगला प्रश्नकर्ता तीन चुकीचे पर्याय मनाला येतील तसे लिहीत नाही. परीक्षार्थी कुठे चुकतो याचा विचार करून तो एकेक चूक एकेका पर्यायात बसवतो.

एक उदाहरण पाहू. एका योजनेची रोख्यांतील गुंतवणूक ४८० कोटी रुपये आहे. रोकड आणि येणे रक्कम मिळून २४ कोटी, देणी ४ कोटी आणि एकूण युनिट २० कोटी. तर प्रतियुनिट निव्वळ मालमत्ता मूल्य किती? पर्याय : २४ रुपये, २५ रुपये, २५.२० रुपये, २५.४० रुपये.

४८० अधिक २४, त्यातून ४ वजा, म्हणजे ५०० कोटी. भागिले २० कोटी युनिट. उत्तर २५ रुपये. आता उरलेले तीन आकडे पाहा. ज्याने रोकड आणि देणी दोन्ही विसरून केवळ गुंतवणूक धरली, त्याला २४ मिळतील. ज्याने देणी वजा केली नाहीत, त्याला २५.२०. ज्याने देणी वजा करण्याऐवजी मिळवली, त्याला २५.४०. प्रत्येकाला आपले उत्तर पर्यायांत सापडेल आणि ते बरोबर आल्याचे समाधान घेऊन तो पुढे जाईल. 'माझे उत्तर पर्यायांत आहे, म्हणजे ते बरोबरच' ही समजूत म्हणूनच धोक्याची.

दुसऱ्या प्रकारचा चकवा शेजारच्या विषयातून येतो. करबचतीच्या इक्विटी योजनेत, म्हणजेच 'ईएलएसएस'मध्ये, गुंतवलेली रक्कम किती काळ काढता येत नाही? पर्याय एक, तीन, पाच आणि पंधरा वर्षे. उत्तर तीन वर्षे. पण पाच वर्षे हा करबचतीच्या बँक मुदत ठेवीचा कालावधी आहे. पंधरा वर्षे हा सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा. आणि एक वर्षाचा आकडा इक्विटीवरील दीर्घकालीन भांडवली नफ्याच्या नियमातून मनात बसलेला असतो. चारही आकडे खरे आहेत, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. बँकेत आयुष्य घालवलेल्या काकांनी येथे पाच वर्षांवर टिचकी मारली होती.

यावरचा उपाय अभ्यासाच्या वेळीच करावा लागतो. परस्परांशी गल्लत होऊ शकणाऱ्या गोष्टी एका तक्त्यात शेजारी शेजारी लिहून ठेवाव्यात. मुदती एका तक्त्यात, करांचे नियम दुसऱ्यात. प्रायोजक, विश्वस्त, मालमत्ता व्यवस्थापन कंपनी आणि रोखे प्रत्यक्ष ताब्यात ठेवणारा कस्टोडियन यांची कामे तिसऱ्यात. सुटी माहिती पाठ केली की ती परीक्षेत एकमेकींत मिसळते. शेजारी ठेवून पाहिली की फरकासह लक्षात राहते.

प्रश्न वाचण्याची शिस्त

पर्याय पाहण्यापूर्वी प्रश्न पूर्ण वाचावा आणि उत्तर मनात तयार करावे. मग ते पर्यायांत शोधावे. ही सवय लहान वाटते, पण चकव्यांच्या विरोधातील ती सर्वांत भक्कम ढाल आहे. पर्याय आधी वाचले, की चारही ओळखीचे वाटू लागतात. ओळखीचे वाटणे म्हणजे येणे नव्हे.

'खालीलपैकी कोणते विधान चुकीचे आहे', 'कोणती गोष्ट समाविष्ट नाही', 'वगळता' अशा शब्दरचना दिसताच क्षणभर थांबावे. पहिलेच विधान बरोबर दिसले म्हणून ते निवडून टाकण्याची चूक विषय उत्तम येणाऱ्यांकडूनही होते. कच्च्या कागदाची सोय असेल, तर प्रत्येक विधानापुढे 'ब' किंवा 'चू' असे लिहावे. शेवटी जे एकटे उरते ते उत्तर.

'नेहमी', 'कधीही', 'केवळ', 'हमखास' असे टोकाचे शब्द असलेला पर्याय बहुधा चुकीचा असतो, असे सांगितले जाते. म्युच्युअल फंडात हमखास परतावा मिळतो, असे विधान आले तर ते चुकीचेच आहे. पण हा नियम डोळे झाकून वापरू नये. कायदा आणि नियमावलीवरच्या प्रश्नांत टोकाचे शब्दच खरे असतात, कारण नियमांची भाषाच तशी असते. त्याचप्रमाणे 'किमान' आणि 'कमाल', 'पर्यंत' आणि 'पेक्षा अधिक' यांत गफलत होऊ देऊ नये. बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्या लार्ज कॅप आणि १०१ ते २५० या क्रमांकाच्या मिड कॅप, ही व्याख्या पाठ असूनही शंभरावी कंपनी कोणत्या गटात, असे विचारल्यावर गडबडणारे पुष्कळ आहेत.

थोडा तर्कही उपयोगी पडतो. दोन पर्यायांचा अर्थ एकच असेल, तर उत्तर एकच असल्याने ते दोन्ही बाद. दोन पर्याय परस्परविरोधी असतील, तर 'वरील सर्व' हा पर्याय आपोआप बाद. चारपैकी दोन विधाने निश्चित बरोबर असल्याचे कळले आणि 'वरील सर्व' हा पर्याय उपलब्ध असेल, तर तिसरे विधान ठाऊक नसले तरी उत्तर सापडते.

'क' हे अक्षर आणि इतर समजुती

उत्तर सुचले नाही, तर 'क' निवडावा, सर्वांत लांब पर्याय निवडावा, अशा समजुती परीक्षा केंद्राबाहेर हमखास ऐकू येतात. त्यांत तथ्याचा अंश होता. हाताने प्रश्नपत्रिका काढणारी माणसे योग्य उत्तर नकळत मधल्या पर्यायांत लपवतात, असे संशोधकांनी दाखवून दिले आहे. परंतु जिथे प्रश्न संगणकावरील मोठ्या संचातून निवडले जातात आणि पर्यायांचा क्रमही बदलला जातो, तिथे अक्षराला काही अर्थ उरत नाही. मागील चार उत्तरे 'ब' आली म्हणून पाचवे 'ब' असणार नाही, हाही असाच भ्रम. प्रत्येक प्रश्न स्वतंत्र असतो.

सर्वांत घट्ट रुजलेली समजूत मात्र वेगळीच आहे. 'पहिले सुचलेले उत्तर बदलू नये.' शिक्षक, पालक, क्लासचालक सारेच हे सांगतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इलिनॉय विद्यापीठातील १,५६१ विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरील खाडाखोड तपासली. बदललेल्या उत्तरांपैकी ५१ टक्के उत्तरे चुकीवरून बरोबर झाली होती. २५ टक्के बरोबरवरून चूक झाली होती. उरलेली एका चुकीवरून दुसऱ्या चुकीवर गेली होती. म्हणजे उत्तर बदलल्याने नुकसान होण्यापेक्षा फायदा होण्याचे प्रमाण दुप्पट होते.

मग समजूत उलटी का? कारण बदलल्यामुळे गमावलेला गुण मनाला लागतो आणि लक्षात राहतो. 'आधी बरोबर लिहिले होते' ही हळहळ वर्षानुवर्षे टिकते. बदलून मिळालेला गुण आपण विसरून जातो. अर्थात, याचा अर्थ शेवटच्या पाच मिनिटांत घाबरून उत्तरे बदलत सुटावे असा नाही. प्रश्नातला 'नाही' वाचायचा राहिला होता, गणितात चूक सापडली, पुढच्या एखाद्या प्रश्नातून संदर्भ लागला, असे सांगता येण्याजोगे कारण असेल तर निःसंकोच बदलावे. केवळ धाकधूक वाटते म्हणून बदलू नये.

१२० मिनिटांची वाटणी

शंभर प्रश्न आणि १२० मिनिटे म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. मात्र सगळ्या प्रश्नांना सारखा वेळ देणे शहाणपणाचे नाही. व्याख्येवरचा प्रश्न वीस सेकंदांत सुटतो, गणिताला तीन मिनिटे लागू शकतात आणि गुण दोघांनाही एकच मिळतो.

म्हणून परीक्षा तीन फेऱ्यांत द्यावी. पहिल्या फेरीत, साधारण ६५ ते ७० मिनिटांत, सर्व प्रश्न एकदा वाचून येणारे सोडवावेत. अडलेला प्रश्न संगणकावर पुन्हा पाहण्यासाठी खूण करून ठेवण्याची सोय असते, तिचा वापर करावा. दंड नसलेल्या परीक्षेत खूण करतानाच एक तात्पुरते उत्तर निवडून ठेवावे, म्हणजे वेळ संपला तरी प्रश्न कोरा राहत नाही. दुसऱ्या फेरीत, ३५ मिनिटांत, गणिते आणि दोन पर्यायांत अडकलेले प्रश्न घ्यावेत. शेवटची १५ मिनिटे कोरे प्रश्न शोधण्यासाठी आणि 'नाही', 'वगळता' असलेल्या प्रश्नांवर पुन्हा नजर टाकण्यासाठी राखावीत.

पहिल्या फेरीचा आणखी एक लाभ आहे. पुढच्या एखाद्या प्रश्नात मागच्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा नकळत दिलेले असते. शिवाय साठ-सत्तर उत्तरे देऊन झाली, की मनावरचा ताण सैल होतो आणि मघाशी न आठवलेली गोष्ट आठवते.

वाचन पुरेसे नाही

काकांनी पहिल्या वेळी पुस्तक तीनदा वाचले होते, महत्त्वाच्या ओळींखाली रंगीत रेघा ओढल्या होत्या. सराव परीक्षा एकही दिली नव्हती. 'सगळं वाचल्यासारखं वाटत होतं,' असे ते सांगतात. पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो आणि ओळखीलाच आपण स्मरण समजतो.

अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. इतरांनी तो एकदा वाचून, मग न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासले, तेव्हा दोनदा वाचणारे किंचित पुढे होते. एका आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के मजकूर आठवत होता, तर दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, आठवड्यांनी असते.

तेव्हा प्रत्येक प्रकरण संपल्यावर पुस्तक मिटून दहा प्रश्न सोडवावेत. शेवटच्या पंधरवड्यात किमान तीन-चार पूर्ण सराव परीक्षा घड्याळ लावून, एका बैठकीत द्याव्यात. आणि एक वही ठेवावी, केवळ चुकांची. चूक का झाली, हे तीन रकान्यांत लिहावे : माहितीच नव्हती, माहीत असून गल्लत झाली, प्रश्न नीट वाचला नाही. पहिल्या रकान्याला पुस्तक हवे, दुसऱ्याला तक्ता आणि तिसऱ्याला शिस्त. तीन आजारांना एकच औषध देऊन चालत नाही. सराव परीक्षेत खात्रीने दिलेल्या उत्तरांपुढे खूण करावी आणि नंतर त्यांतली किती चुकली हे पाहावे. आपल्या खात्रीवर किती विश्वास ठेवायचा, ते यातून समजते. गुण कापले जाणाऱ्या परीक्षेत हे ज्ञान फार कामाला येते.

पन्नास गुणांच्या पलीकडे

या साऱ्या युक्त्यांबाबत एक शंका मनात येणे स्वाभाविक आहे. अंदाज आणि तर्काच्या जोरावर काठावर उत्तीर्ण झालेल्या माणसाच्या हाती दुसऱ्याची पुंजी सोपवावी का? शंका योग्य आहे. परीक्षेची मर्यादा ५० गुणांची ठेवली म्हणून उरलेल्या ५० गुणांचे अज्ञान ग्राहकाला परवडते, असे नाही. वजाबाकी विसरणाऱ्या वितरकाचा भुर्दंड त्याचा ग्राहक भरतो. म्हणून चुकांची वही परीक्षा संपल्यावर रद्दीत टाकू नये. आपले अज्ञान नेमके कुठे आहे, याचा तो सर्वांत प्रामाणिक नकाशा असतो.

काकांनी दीड महिन्याने पुन्हा परीक्षा दिली. या वेळी एकही प्रश्न कोरा नव्हता आणि गुण होते ६८. गमतीची बाब अशी, की त्यांच्या म्हणण्यानुसार निव्वळ अंदाजाने द्यावी लागलेली उत्तरे जेमतेम चार-पाच होती. चुकांच्या वहीने बाकीच्यांची गरजच ठेवली नाही.

काही दिवसांनी त्यांच्या इमारतीतील एक बाई निवृत्तीची रक्कम घेऊन त्यांच्याकडे आल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला : "भाऊ, पैसे बुडणार तर नाहीत ना?"

"या प्रश्नाला चार पर्याय नव्हते," काका म्हणाले. "त्यांना घेऊन दोन तास बसलो. आधी त्यांना या पैशांची गरज केव्हा लागणार, ते विचारलं. आणि मग सांगितलं, की यातली निम्मी रक्कम बँकेतच राहू द्या."